पुन्हा बसायला मिळालं तर कुठली मैफल मागाल?

सतरंजी (धागाकर्ती)

प्रश्न सरळ आहे. आजवर प्रत्यक्ष ऐकलेल्या कार्यक्रमांपैकी एकच पुन्हा ऐकायला मिळणार असेल, तर कोणता मागाल? ध्वनिमुद्रण नव्हे, ते बहुतेकांचं यूट्यूबवर सापडतं. तीच रात्र, तीच जागा, शेजारी खोकणारा तोच माणूस. शास्त्रीय, नाट्यसंगीत, गझल, रॉक, लावणी, भीमगीतं, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, सगळं चालेल. 'सर्वांत श्रेष्ठ कोण' हा वाद कृपया इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत आणि तिथे कुमार-भीमसेन अजून चालूच आहे. अट एवढीच, की तुम्ही स्वतः तिथे असायला हवं. ऐकीव नको.

सुरुवात मी करते.

मला सवाई गंधर्व महोत्सवाची शेवटची पहाट हवी आहे. रमणबागेतली, रात्रभर चालायचं तेव्हाची. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव माझ्या वाट्याला आला तो नव्वदच्या दशकात. आम्ही भावंडं दुपारीच जाऊन जागा धरायचो. वडील ऑफिसातून परस्पर यायचे, आई डबा आणि शाली घेऊन. रात्री दोन-अडीचला मांडवातली निम्मी माणसं आडवी झालेली असत. झोपलेल्याला कुणी नावं ठेवत नसे. कुणी घोरायला लागलं तर शेजारचा कोपराने हलवायचा, इतकंच. चांगली जागा आली की लोक आपसूक जागे व्हायचे, 'क्या बात है' म्हणायचे आणि परत आडवे.

पण पहाटे चारनंतर कुणी झोपत नसे. मालकंस, दरबारी असं रात्रीचं सगळं होऊन गेलेलं असायचं आणि मग कुणीतरी ललित लावायचा. घरी कॅसेटवर मी ललित संध्याकाळी चहा पितानाही ऐकलाय, काही बिघडत नाही. तिथे मात्र दोन मध्यमांमध्ये गायक घुटमळत असताना मांडवाच्या कडेने खरोखर उजेड यायला लागलेला असे. मग तोडी, आणि शेवटी स्वतः भीमसेनजी. ते उठले की सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावली जायची. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, खरखरणारी. रात्रभर इतक्या लोकांचं गाणं ऐकून झाल्यावर शेवटचा शब्द त्या तबकडीचा. ही रीत कुणाला सुचली असेल त्याला माझा नमस्कार.

२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० नंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद झाले, ठरावीक दिवसांपुरती १२ पर्यंतची सवलत राहिली. २०१८ पासून उत्सव मुकुंदनगरला गेला. व्यवस्था आता उत्तम असते, याबद्दल तक्रार नाही. पण दुपारी सुरू होऊन रात्री संपणाऱ्या उत्सवात पहाटेचे राग बसवायचे कुठे? माझ्या भाचीला तोडी आवडते. तिने ती पहाटे कधीच ऐकलेली नाही.

शनिवार पेठ, मागची खोली

सतरंजीताई, तुमची ती पहाट आमच्या मागच्या खोलीतही यायची. फुकट आणि न मागता. घरात आजारी माणूस आणि दहावीचं पोर असलं की रात्रभराच्या मैफलीतली गंमत जरा कमी होते. नियम आला तेव्हा मला बरं वाटलं, हे स्पष्ट सांगतो. तो सवाईसाठी केलेला नव्हता, इतरांनी रचलेल्या स्पीकरच्या भिंतींसाठी होता. सवाई त्यात सापडलं.

तरीही उत्तर देतो. डिसेंबरातली कुठलीशी रात्र, अंगावर दुलई, खिडकी घट्ट लावलेली, आणि तरी आत येणारी सारंगी. वाजवतंय कोण, ठाऊक नाही. उठून बघावं असंही वाटलं नाही. ती द्या.

बॅकबेंच मेकॅनिकल

१ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल, आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड. त्यांच्या जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता, हे सांगताना आजही कॉलर ताठ होते. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन वैमानिक आहे. बोइंग ७५७ वर बँडचं नाव रंगवून, माणसं आणि सामान त्यातच भरून, तो स्वतः विमान चालवत हा दौरा करत होता.

आमचं विमान म्हणजे पंचवटी एक्स्प्रेस. नाशिकहून आम्ही सगळे काळ्या टी-शर्टांत. माझ्या छातीवरचा सांगाडा बराच वेळ न्याहाळून रोज अपडाउन करणाऱ्या एका काकांनी विचारलं, "मेडिकलला का?" आम्ही हो म्हणालो. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. मग कल्याणपर्यंत त्यांनी आपल्या गुडघ्याचं सांगितलं.

दौरा त्यांच्या ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता, म्हणजे आम्ही कॅसेटवरून कॅसेट करून ऐकलेली, तीच. मंचावर इजिप्तचं देऊळ उभं केलेलं. अंधार झाला, चर्चिलचं युद्धकाळातलं भाषण स्पीकरवर सुरू झालं आणि ते संपायच्या आत माझा चष्मा गेला. तो पुन्हा दिसला नाही. पुढचा सगळा कार्यक्रम मी धूसर पाहिला आणि मला काही फरक पडला नाही.

मला त्यातलं एकच परत हवंय. कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवर त्यांचं तेरा-साडेतेरा मिनिटांचं गाणं आहे. ते त्यांनी किती वर्षांनी काढलं होतं! मध्यावर सगळी वाद्यं जवळजवळ थांबतात, नुसती जहाजाच्या लाकडाची कुरकुर ऐकू येते. त्या शांततेत माझ्या शेजारी आमचा एक मित्र मंचाकडे न बघता, डोळे मिटून, कवितेच्या ओळी शब्दन् शब्द म्हणत होता. कम्युनिकेशन स्किल्सचा पेपर त्याचा दोनदा राहिला होता.

परतीला गाडी नव्हती. पहाटेपर्यंत दादरच्या फलाटावर बसलो. कानांत शिट्टी वाजत होती, ती सोमवारी थांबली.

नात टाइप करतेय

आजोबा सांगताहेत, मी लिहितेय. वय ८६. कंसातलं माझं.

'गीतवर्षा' लिही. कुमार गंधर्व. नुसत्या पावसाच्या गाण्यांचा अख्खा कार्यक्रम. (साल विचारलं तर म्हणतात, "मी गिरगावात खोली घेऊन राहायचो ते साल.") एक राग, मग दुसरा राग, मग ठुमरी, भैरवी असा आमचा सराव. इथे माळव्यातल्या लोकगीतांपासून मल्हारापर्यंत सगळं एकाच गोष्टीभोवती. पहिली काही मिनिटं लोक बावचळले. माझ्या पुढचा गृहस्थ म्हणाला, "ख्याल कधी सुरू होणार?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

तंबोरे. (इथे आजोबा तंबोऱ्यांबद्दल फार वेळ बोलले, ते मी गाळलंय. सारांश: आजकाल लागत नाहीत.)

१९४७ नंतर कुमारांना क्षयाने गाठलं, पाच-सहा वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस कामातून गेलं. देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून येणारी लोकगीतं कानांवर पडायची, ती पुढे गाण्यात आली. लहान लहान तुकड्यांत गायचे ते दम पुरत नसे म्हणून, असं लोक म्हणतात. मला ते साफ नामंजूर आहे. माणूस फुप्फुसाने गात नाही, डोक्याने गातो. (हे वाक्य दोनदा लिहायला सांगितलंय, मी एकदाच लिहितेय.)

बाहेर त्या दिवशी पाऊस होता का, असं मी विचारलं. "नव्हता. आणि घरी जाताना पहिली सर आली वगैरे काही लिहू नकोस. तसलं काही झालं नव्हतं. घामाने भिजून चर्नी रोडपर्यंत चालत गेलो."

वीरा देसाई रोड, चौथा मजला

१ नोव्हेंबर १९९६. मायकल जॅक्सन. तिकीट परवडणारं नव्हतं, पण शहाजी राजे क्रीडा संकुल आमच्या गच्चीवरून दिसायचं. म्हणजे संकुलाचे दिवे दिसायचे. दुपारपासून नातेवाईक यायला लागले, ज्यांना आम्ही मुंजीनंतर पाहिलं नव्हतं तेही. सोसायटीने बाहेरच्यांना माणशी पाच रुपये लावले आणि त्यातून भेळ केली.

मायकल दिसला का? धूर दिसला. गर्दीचा आवाज आधी यायचा आणि मग गाणं, का ते मला आजतागायत कळलेलं नाही. आजी शेवटपर्यंत खुर्ची टाकून बसली होती. तिचं म्हणणं, पोरं नुसती ओरडताहेत, त्या बिचाऱ्याला गाऊ देत नाहीत.

इमारत पाडून आता टॉवर झालाय. गच्चीला कुलूप असतं.

धागेनातिना

३ फेब्रुवारी, षण्मुखानंद, सकाळचं सत्र. कुठलंही साल द्या, मला चालेल.

उस्ताद अल्लारखाँ २००० साली ३ फेब्रुवारीला गेले. त्यांच्या बरसीला झाकीरभाई दरवर्षी पहाटेपासून रात्रीपर्यंत कार्यक्रम करायचे. पहिल्या लोकलने किंग्ज सर्कलला उतरायचं, अंधारातच सभागृहाबाहेर उभं राहायचं. मी तेव्हा तबला शिकत होतो, म्हणजे गुरुजी शिकवत होते. त्या गर्दीत निम्मे तबल्यातले. इतके तबलजी एका छपराखाली एकमेकांविषयी काहीही न बोलता बसलेले मी दुसरीकडे कुठेही पाहिले नाहीत.

दिवसभरात मृदंगम, घटम, कंजिरा, परदेशी ढोल, काय काय व्हायचं. झाकीरभाईंच्या एकल वादनात लोक आगगाडीची वाट बघायचे, घोड्यांची, शंख-डमरूची. ते वाजवायचेही, हसत हसत, मुलांना खाऊ द्यावा तसं. आम्ही मात्र पेशकारासाठी, म्हणजे एकल वादनाच्या सुरुवातीच्या संथ भागासाठी, गेलेलो असायचो. पेशकारात घाई नसते. लेहरा आपला चाललेला असतो, तीच सोळा मात्रांची ओळ गोल गोल, आणि वाजवणारा एकाच वाक्याचं वजन सरकवत राहतो. कधी डावा पुढे, कधी उजवा. डग्ग्यावर मनगट दाबून तो घुमारा असा वर न्यायचे की कोण गातंय, हे बघायला मान वळावी. सभागृहभर मांड्यांवर बोटं पडत असायची, टाळी, टाळी, खाली. एखादी तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकवतेय असं वाटायचं, आपण मनातल्या मनात बोट उचलून थांबायचो, आणि ती नेमकी यायची. मग सगळे हात एकदम वर.

डिसेंबर २०२४ मध्ये रविवारी रात्री बातमी आली, गेले. मग आली, नाही गेले. घरच्यांनी सांगितलंय, प्रार्थना करा. सोमवारी सकाळी कळलं, गेलेच होते. आमच्या जुन्या क्लासच्या ग्रुपवर त्या रात्री कुणीच काही लिहिलं नाही. एकाने फक्त तीनतालाचा ठेका रेकॉर्ड करून टाकला.

काळी चार

@धागेनातिना, माझीही मागणी तिथलीच, फक्त संतूरसोबतची. शिवकुमारजी मे २०२२ मध्ये गेले तेव्हा झाकीरभाईंनी खांदा दिला होता. म्हणजे आता एकच मैफल मागायची तरी माणसं दोन मागावी लागणार.

मनमाड जंक्शन

माझी मैफल कुठल्या सभागृहातली नाही. १४ एप्रिलच्या आगेमागची रात्र, वस्तीतला चौक, ट्रकचं फाळकं पाडून केलेलं स्टेज. वामनदादा कर्डक.

दादा आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. आमचे वडील दिवसा रेल्वेच्या वर्कशॉपात आणि रात्री गायन पार्टीत ढोलकावर. पार्टी म्हणजे पेटी, ढोलक, बेंजो, मागे कोरस धरणारे तिघे-चौघे. जयंतीच्या महिन्यात एक रात्र रिकामी नसायची. दादा येणार म्हटलं की आजूबाजूच्या गावांतून माणसं सायकली मारत यायची.

दादांचा आवाज रांगडा होता, घोटलेला नव्हता. ताकद शब्दांत होती. चाल कित्येकदा सिनेमातली, सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे दुसऱ्या कडव्याला अख्खा चौक गात असायचा. मधूनच कार्यकर्ता माइक घेऊन पुकारायचा, अमक्या-तमक्यांकडून अकरा रुपये, एकवीस रुपये. गाणं तिथेच थांबायचं, नाव घेतलं जायचं, जयभीम व्हायचा आणि गाणं तोडलं तिथून पुढे. शास्त्रीय मैफलीतल्या मंडळींना हे चालणार नाही. आमच्यात ज्याचं नाव पुकारलं जायचं, त्याने ते नाव आयुष्यात पहिल्यांदाच लाउडस्पीकरवर ऐकलेलं असायचं.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती पुढच्या रांगेत बसायची आणि एखादी ओळ निसटली की सरळ ओरडायची, "दादा, परत!" आणि ते ती ओळ परत म्हणायचे. सकाळी भाकरी थापताना तेच गाणं तिच्या तोंडात. पुस्तक नाही, कॅसेट नाही, गाणी अशीच गावोगाव गेली.

वामनदादा २००४ मध्ये गेले. आता आमच्या चौकात डीजे असतो. नातवंडं नाचतात, मी काही बोलत नाही, त्यांचाही दिवस आहे. फक्त डीजेला 'परत' म्हणून बघितलं एकदा. त्याने आवाज वाढवला.

कृष्णाकाठची

यमुनाबाई वाईकर. बैठकीची लावणी.

आमच्या घरी लावणी ही पुरुषांनी ऐकायची आणि बायकांनी नाक मुरडायची गोष्ट होती. यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. दिल्लीने मान दिला म्हटल्यावर आमच्याकडच्या बायकांना एकदम परवानगी मिळाली. पुढे कधीतरी त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा मी सासूबाईंना घेऊन गेले. यमुनाबाई तेव्हा साठीच्या पुढे. अंगभर नऊवारी, जागेवरून उठल्या नाहीत. एकच ओळ घोळून घोळून म्हणायच्या आणि दर वेळी नुसत्या नजरेने, मनगटाने तिचा नवा अर्थ काढायच्या. राग, मग लाडीगोडी, मग चक्क टिंगल. सासूबाई आधी ताठ बसल्या होत्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, कसं काय होतं? म्हणाल्या, "तुम्हाला कळलं नसतं."

२०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये शंभरी ओलांडून गेल्या.

फोंड्यान

मैफल म्हणावं की नाही ते तुम्हीच ठरवा. आमच्याकडे गोव्यात चवथीची, म्हणजे गणपतीतली, आरती. घुमट, शामेळ, कांसाळें. घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन्हीकडून उघडं, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद, आता बकऱ्याचं. जुने वाजवणारे अजून कुरकुरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला.

मला हवी आहे ती रात्र, जेव्हा आमच्या वाड्यावरचे आणि पलीकडच्या वाड्यावरचे घुमटवाले एकाच खोलीत आले आणि आधी कोण थांबणार, हे काही ठरेना. नेवऱ्या कधीच थंड झाल्या होत्या. शेवटी भटजींनी हात जोडले.

शिकागोच्या जवळ

इकडे मैफल म्हणजे कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये. तबलजींनी आल्या आल्या जाहीर केलं, की तुमची भट्टी पांढरी चारच्या (पेटीवरच्या त्या पट्टीच्या) जरा खाली घुमतेय, षड्ज टिकणार नाही. यजमानांनी हीटिंग बंद केलं. बाहेर उणे अठरा. पुरिया कल्याण आम्ही कोट-टोप्यांसकट ऐकला, वाफाळलेल्या मसालेभातावर सगळे तुटून पडलो. इतकं लक्ष देऊन मी आधी किंवा नंतर कधी ऐकलेलं नाही. हलायची सोयच नव्हती.

सतरंजी

वाचतेय सगळं. यमुनाबाईंचं वाचून आईला फोन केला, तिचंही असंच काहीतरी निघालं. चालू द्या.

सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी

मिरजेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ख्वाजा शमना मीरासाहेबांचा उरूस. दर्ग्याच्या आवारातलं चिंचेचं झाड. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ या झाडाखाली बसून गायचे. १९३७ साली ते मद्रासकडे प्रवासात गेले, पण दफन इथे, याच आवारात. तेव्हापासून उरसात त्यांच्या नावाची संगीतसभा असते. इथे गाणं म्हणजे हजेरी. मोठमोठे लोक येऊन गायलेत आणि ज्यांचं नाव पुढे कुणी ऐकलं नाही असेही.

बाहेरून आलेल्यांनी पुढच्या रांगेकडे नीट बघावं. तिथे आमच्या गल्लीतले लोक बसलेले असतात. दिवसभर भोपळा तासलेला, कानस चालवलेली. डोळे मिटलेले, मान जराशी कलती. पाहुण्यांना वाटतं, काय तल्लीन झालेत. तल्लीन कसले, जवारी तपासत असतात. घोडीचा माथा किती घासलाय, त्यावर तारेचा आवाज खुलतो की बसतो ते ठरतं. जवारी बिघडलेली असली की यांच्या कपाळावर आठी येते. गायकाने ती आठी बघितली तर संपलं.

तर एकदा एक तरुण गवई बसले होते. नाव सांगत नाही. तंबोरा लावून लावून घामाघूम, खर्ज काही बोलेना. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला, चपला नीट बाजूला काढल्या, वर गेला. काही बोलला नाही. तंबोरा आडवा घेतला, तारेखालचा दोरा नखाने इकडून तिकडे केसभर सरकवला, एकदा छेडून पाहिलं आणि खाली येऊन बसला. खर्ज उघडला. इतका, की गवई दोन-तीन मिनिटं गायलेच नाहीत, तेही ऐकतच बसले. मग जो शुद्ध कल्याण झाला, त्याबद्दल गल्लीत अजून बोलतात. अर्धं श्रेय दोऱ्याला देतात, हे खरं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत पेढे वाटले. म्हातारे तोवर गेले होते.

नेरुळ, सेक्टर माहीत नसलेला बरा

मला लेकीने नेलं. कोल्डप्ले, जानेवारी २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम. तिकिटाच्या ऑनलाइन रांगेत तिचा नंबर लाखांच्या घरात होता, तरी कुठूनसं मिळालं. मी जाते सकाळी हास्यक्लबला, मला त्यांचं एकही गाणं येत नव्हतं. हातात एकेक पट्टा देतात, तो आपला आपण पेटतो. एका क्षणी अख्खं स्टेडियम पिवळं झालं आणि माझा हातही त्यात होता. शेजारचा मुलगा ढसाढसा रडत होता, मी त्याला पाणी दिलं.

पण मला परत हवाय तो परतीचा लोकलचा डबा. सगळे उभे, सगळे गाताहेत. मी पूर्वी रोज सीएसटीला जायचे तेव्हा आमच्या डब्यात भजन असायचं. त्यापेक्षा हे बेसूर होतं, उत्साह तेवढाच. पट्टा जाताना परत करायचा असतो, मी केला. डब्यात निम्म्यांच्या हातांत तो होता.

मिक्सरच्या मागे

तुम्ही सगळे ऐकणारे. मी आवाज देणारा. कर्णे आणि आहुजाचा अँप्लिफायर होता तेव्हापासून, डिजिटल मिक्सर आला तोपर्यंत.

आमची मैफल वेगळी असते. गवयाने बोट वर केलं तर तंबोरा वाढवायचा. तळहात खाली दाबला तर तबला कमी. दोन्ही हात हवेत गेले तर ती तान आहे, तिचा आमच्याशी संबंध नाही. नवीन पोरांचा इथे गोंधळ होतो. मॉनिटर हा प्रकार आल्यापासून प्रत्येक कलाकाराला आपला आवाज आपल्याला जास्त हवा असतो, तेवढा दिला की माइक शिट्टी मारतो, आणि शिट्टी वाजली की सगळ्या सभागृहाच्या माना मागे वळतात. कार्यक्रम रंगला तर त्या माना पुढेच असतात. त्यामुळे मी कुणाचं काय ऐकलं, असं विचाराल तर आवाज ऐकला, गाणं ऐकलं की नाही सांगता येणार नाही.

एकदा मात्र एका गावच्या जत्रेत, मध्यरात्रीच्या सुमाराला जनरेटर बंद पडला. खटपट करून पाहिली, काही होईना. गॅसबत्त्या लावल्या. बाई म्हणाल्या, राहू द्या, मी गाते. मागचे लोक उठून पुढे सरकले, लहान पोरं थेट तबल्याला टेकली. मला काही कामच उरलं नाही. म्हणून गर्दीत जाऊन बसलो. बाई तासभर तरी गायल्या. काय गायल्या, विचारू नका. माझा सगळा वेळ कमिटी भाड्यातून किती कापेल, याचा हिशेब करण्यात गेला.

तीच परत द्या. या वेळी पैसे आगाऊ घेईन आणि नीट ऐकेन.

रात्रपाळी

आयटीत आहे, रात्री जागायची सवय आहे. पहाटेपर्यंत चालणारी बैठक आता कुठे मिळते का? खरंच विचारतोय.

काळी चार

मिळते. कोलकात्याला डोव्हर लेन, जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात, नझरुल मंचावर. बनारसला संकटमोचन, हनुमान जयंतीच्या सुमाराला, देवळाच्या अंगणात, प्रवेश खुला, माकडं आहेत, चष्मा सांभाळावा (@बॅकबेंच मेकॅनिकल, हे तुम्हाला).

शनिवार पेठ, मागची खोली

कोलकात्याचं ठरत असेल तर मलाही धरा. दुसऱ्यांच्या पेठेत जागायला माझी काही हरकत नाही.

सतरंजी

पुण्याहून आझाद हिंद आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बघावं लागेल. कोण कोण येणार ते खाली लिहा. ज्यांची मैफल सांगायची राहिलीय त्यांनी आधी ती लिहा.